डाव का मोडला

कुठलीही बाई समोर आली की अण्णा तिला एकच प्रश्न विचारायचे. "तुमी शेवटचं कवा खेळला वो?"

ओळख ना पाळख. भाजीवाली असो, पोस्टात तिकिटं देणारी असो, दवाखान्यातली नर्स असो. निपाणीच्या स्टँडवर एका मास्तरीणबाईंना असंच विचारलं, तर त्यांचे यजमान छत्री उगारून आले. मी मधे पडले म्हणून बरं. "अवो, वाईट अर्थानं न्हाय विचारलं, हे व्हिडिओ गेम बनवत्यात," असं मी सांगायला गेले, तर ते गृहस्थ आणखीच भडकले. त्या काळी व्हिडिओ गेम म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, असाच सगळ्यांचा समज होता. अण्णांना मात्र त्याचं काही नाही. बेळगावच्या गाडीत बसल्यावर म्हणतात कसे, "बघितलंस न्हवं? बाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं हुतं. ह्या बाबानं मधीच डाव मोडला." आणि खिशातली वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं.

ती वही आज माझ्याकडे आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

मी बेळगावातल्या वडगावची, विणकराच्या घरातली. आता साठीला आले. साड्यांच्या काठापदराची डिझाइनं कॉम्प्युटरवर करते, आणि शेजारच्या पोरी मला विचारतात, "मावशी, ह्या वयात तुम्ही हे कुठं शिकलात?" मी म्हणते, बायांनो, मी हे तुमच्या जन्माच्या आधी शिकलेय, मच्छे गावातल्या एका पत्र्याच्या शेडात, एका वेड्या माणसाकडं. त्या हसतात. हसू देत.

अण्णा बेंगळुरात एका कारखान्यात टेलिफोनच्या सर्किटवर काम करायचे. ती नोकरी सोडून ते बेळगावला परत आले आणि मच्छ्यात शेड भाड्यानं घेऊन व्हिडिओ गेमची कपाटं बनवायला लागले. कपाट म्हणजे तेच, उभं, आत टीव्ही, पुढे दांडा आणि बटणं, नाणं टाकायला फट. मुंबईहून जुने बोर्ड आणायचे, त्यातली चिप पुसून तिच्यात स्वतःचा खेळ भरायचा, आणि कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या पार्लरवाल्यांना ती कपाटं विकायची. विमानं, गोळीबार, मोटारी. पोरांच्या रांगा लागायच्या.

माझी नेमणूक कशी झाली, तेही सांगण्यासारखं आहे. मी डिप्लोमा करून नोकरी शोधत होते. सर्टिफिकेट पुढे केलं तर अण्णांनी ते उघडलंसुद्धा नाही. माझ्या पिशवीतून एक गुंडाळी बाहेर डोकावत होती, तिच्यावर त्यांची नजर गेली. आमचे आप्पा जकार्डच्या मागासाठी डिझाइन काढायचे. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवत जायची, की चौकटीचौकटीतून मोर उभा राहतो. मग त्या चौकटी बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि पुठ्ठे मागावर चढवायचे. त्या गुंडाळीत मी रंगवलेला मोर होता.

"ह्यो कुणी काढला?"

"मी."

"किती चौकटीत बसवलास?"

"बत्तीस गुणिले बत्तीस."

अण्णा खुर्चीतून उठले. "मला सोळा गुणिले सोळात बसवून दावशील?"

मी तिथंच टेबलावर बसवून दाखवला. पिसारा जरा भादरावा लागला, पण मोर तो मोरच राहिला. "उद्यापासनं ये," म्हणाले. टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र म्हणजे चौकटीच असतात, हे मला तेव्हा कळलं. पगाराचं विचारायचंच राहून गेलं. घरी गेल्यावर आप्पांनी त्यावरून माझी चांगलीच खरडपट्टी काढली.

अण्णांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! मशीनशी ते कानडीत बोलायचे, माणसांशी मराठीत, आणि भांडायचे हिंदीत. बोर्ड चालता चालता गडबडला की त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "तडी, तडी, स्वल्प तडी." थांब बाबा, जरा थांब. आणि खरं सांगते, कधी कधी तो थांबायचासुद्धा. सोल्डरिंगचा धूर त्यांना उदबत्तीसारखा प्यारा. शर्टाच्या बाह्या कायम भाजलेल्या. लग्न केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "कुणी मागणीच घातली न्हाय," आणि वर स्वतःच हसायचे.

आणि चहा! बाहेरचा चहा त्यांनी जन्मात घेतला नसेल. बेळगावातच, शहापुरात त्यांच्या घरी थोरली बहीण होती, आक्का. तिच्याच हातचा चहा लागायचा. सकाळी शेडात येताना थर्मास भरून आणायचे, दुपारी स्कूटर काढून घरी जाऊन पिऊन यायचे. पहिला घोट घेतला की ठरलेलं वाक्य, "आलं कमी पडलंय." रोज. न चुकता. आक्कांनी आल्याचा अख्खा गड्डा ठेचून घातला असता तरी ते हेच म्हणाले असते. आणि कप खाली ठेवायच्या आत चाटूनपुसून रिकामा.

बायकांचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते धंद्यातूनच. एकदा हुबळीच्या पार्लरमधून परत येताना म्हणाले, "सगळी बापय माणसंच गं. अर्धं गाव बाहेर हुबं हाय. त्येंला आत यावं वाटंल असं कायतरी करूया."

मी म्हटलं, "करूया."

मग आम्ही केल्या चुका. सणसणीत चुका.

पहिली चूक भाकरीची. तव्यावर भाकऱ्या पडतायत, करपायच्या आत उलटवायच्या, असा खेळ अण्णांनी रचला. मी चौकटीत भाकऱ्या काढल्या, फुगलेल्यासुद्धा. आमच्या गल्लीतल्या चारपाच बायकांना बोलावून शेडात आणलं. त्यातल्या एका वहिनींनी दोन भाकऱ्या उलटवल्या, तिसरी करपली तशी मशीननं टूंऽऽ असा रडका आवाज काढला. वहिनी म्हणाल्या, "घरात करपत्यात तवा सासू असाच आवाज काढती. पैसं टाकून कशाला ऐकू?" सगळ्या खदाखदा हसल्या. अण्णांचं तोंड पार उतरलं.

दुसरी चूक मागाची. पडद्यावर धोटा इकडून तिकडे पळतोय, सूत तुटलं की बटण दाबून जोडायचं. हा खेळ तर मला मनापासून आवडला होता, कारण त्यातली साडी मी काढली होती. बायकांनी जरा वेळ बघितलं. मग माझी काकी म्हणाली, "दिसभर मागावर बसायचं आणि हितं येऊन परत मागच चालवायचा व्हय? मजुरी कोण देणार?" माझंही तोंड उतरलं.

मग अण्णांनी कपाटाला गुलाबी रंग दिला आणि वर आरसा बसवला. बायका आल्या, आरशात बघून कुंकू सारखं केलं, पदर नीट केला आणि गेल्या. आरसा मात्र फार चांगला आहे म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर नाद सोडून परत विमानं पाडायला लागला असता. अण्णांनी स्टुल उचललं आणि आमच्या वडगावात, आमच्या दारात येऊन बसले. आमच्या गल्लीत दुपारची वीज जायची. वीज गेली की सगळे माग एकदम गप्प. इतकी शांतता व्हायची की कान दुखायचे. आणि त्या शांततेत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका हात पुसत कट्ट्यावर यायच्या आणि सागरगोटे काढायच्या. आमच्याकडे गजगं म्हणतात. म्हाताऱ्या, तरण्या, सगळ्या. अण्णा आठवडाभर रोज येऊन बघत बसले, मांडीवर वही ठेवून. सुरुवातीला बायका बुजल्या, मग सवयीच्या झाल्या. "अण्णा, तुमी बी या की खेळायला," म्हणून चिडवायच्या.

आठव्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. एकेका डावापुढे एकच गोष्ट लिहिलेली, डाव का मोडला. पोरगं रडलं. सासूची हाक. दूधवाला. वीज आली. पावणं आलं. वीज आली. नवऱ्याला जेवायला वाढायचंय. वीज आली.

"काय दिसतंय तुला?" त्यांनी विचारलं.

"वीज फार येती आमच्याकडं," मी म्हटलं. मी तेव्हा भारी अक्कलवान होते.

"अगं येडे, हरून एक बी डाव संपला न्हाय. एक बी! सगळं डाव हाकंनं संपलं." ते उठून येरझारा घालायला लागले. "आपली मशीनं दोन मिंटात माणसाला मारत्यात. पोरं परत नाणं टाकत्यात. बायांचं तसं न्हाय. त्येंला मारायला मशीन कशाला पायजे? त्येंचा डाव आधीच कोणतरी मोडतंय. बाई उठून गेली तर खेळ थांबला पायजे. ती परत येईस्तवर. तासानं येऊ दे, न्हायतर चार दिसानं."

आज मोबाइलच्या प्रत्येक खेळावर दोन उभ्या रेघा असतात, बोट लावलं की थांबतो. त्या काळी पार्लरच्या मशीनला असलं बटण म्हणजे शुद्ध वेडेपणा. मशीन थांबलं की कमाई थांबली.

पण अण्णांच्या डोक्यात कमाई नव्हतीच आता. त्या दिवशी स्कूटर सुरू करता करता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आमची आक्का लई भारी गजगं खेळायची. मी लहान हुतो तवा बघायचो. पर तिचा डाव पुरा झालेला मी एकदा बी बघितला न्हाय गं. तेवढा एक डाव बघायचाय मला."

आक्कांचं सगळं मला हळूहळू कळलं. खानापूरकडच्या एका खेड्यात लग्न होऊन गेल्या आणि दोन वर्षांत नवरा वारला. माहेरी परत आल्या तेव्हा आई गेलेली, आणि अण्णा चौथीत. पदराच्या गाठीला पाच गजगे बांधून आल्या होत्या म्हणे. मग कांड्या भरून भरून अण्णांना शिकवलं, बेंगळुरात पाठवलं. गजगे कुठल्यातरी डब्यात पडले.

तेव्हापासून आम्ही दुसरं काम घेतलं नाही. कपाट बुटकं केलं, पाटावर मांडी घालून बसता येईल एवढं, आणि पडदा वर तोंड करून तिरपा ठेवला. दांडा काढून टाकला. दोन बटणं, एक गजगा वर उडवायचं, एक खालचे उचलायचं. आधी एक-एक, मग दोन-दोन, मग सगळे एका मुठीत, शेवटी पाचही उलट्या हातावर. चुकलं तर मरायचं नाही, तेवढीच फेरी परत. शंभर झाले की डाव पुरा. आणि बाजूला तिसरं बटण, मोठं, हिरवं. ते दाबलं की पडद्यावरचा गजगा हवेत तसाच राहायचा. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा अण्णा हात जोडून मशीनला म्हणाले, "तडी!" आणि लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले.

पडद्यावरचा हात मी काढला होता. गोरापान, हिरव्या बांगड्यांचा. दहा चौकटी हिरव्या. मला त्याचा फार अभिमान. अण्णा म्हणाले, आधी आक्काला कागद दाखवून ये. मी शहापूरला गेले. आक्कांनी चष्मा लावून कागद लांब धरला, जवळ धरला. "गोड हाय," म्हणाल्या. मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "पर ह्यो हात माझा न्हाय गं बाळ."

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! त्यांच्या मनगटावर बांगडी नव्हती. लग्नाआधी गोंदलेले पाच ठिपके तेवढे होते. मी तिथंच, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बांगड्या खोडल्या, हात सावळा केला, आणि मनगटावर पाच चौकटी काळ्या केल्या. आक्का भाजी निवडत बघत होत्या. मी निघताना माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मशीन तयार झालं, पण ते घरी आक्कांकडे न्यायच्या आधी दहा बायकांनी खेळून बघायला हवं, हा अण्णांचा हट्ट. निपाणीतल्या एका ओळखीच्या पार्लरवाल्यानं महिनाभर ठेवून घेतो म्हणून सांगितलं. स्टँडजवळच दुकान, बाहेर पाटी, "महिलांसाठी नवीन खेळ". पहिले चार दिवस कुणीही फिरकलं नाही. अण्णा आणि मी रोज निपाणीला जाऊन बसायचो. पाचव्या दिवशी एक विडी वळणारी बाई, डोक्यावर पानांचं सूप, दारात उभी राहून आत बघायला लागली.

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "या की. बसून खेळायचं हाय."

ती बसली. सूप शेजारी ठेवलं. विडी वळणाऱ्या बोटांना काय शिकवायचं? दहा, वीस, तीस. पार्लरवालासुद्धा बघायला आला. चाळीस झाले आणि ती दचकली. "अगंबाई, विड्या द्यायच्या ऱ्हायल्या!" मी हिरवं बटण दाखवलं. तिनं ते दाबलं, गजगा हवेत राहिला. "आलेच मी," म्हणाली आणि गेली.

दुपार झाली. पार्लरवाला म्हणाला, "अण्णा, सुरू करा परत. दुसरं गिऱ्हाईक खेळंल."

"ती येते म्हणालीय."

"अवो, बायका म्हणत्यात तसं."

"आणि येत्यात बी."

अण्णा पाटाशेजारी ठाण मांडून बसले. जेवले नाहीत. पाणीसुद्धा बसल्या जागी मागवलं. मला तर वाटलं, आता हे इथंच मुक्काम करतात. आणि संध्याकाळी ती आली हो! धापा टाकत आली, बसली, बटण दाबलं, हवेतला गजगा झेलला. अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पन्नास झाले, साठ झाले. तेवढ्यात बाहेरून कंडक्टर ओरडला, "बोरगाव, बोरगाव!" तिनं परत हिरवं बटण दाबलं, सूप उचललं आणि पळाली. जाता जाता ओरडली, "उद्या येते, ठेवा!"

पार्लरवाल्यानं प्लग उपसला. साठ गेले, गजगा गेला, सगळं गेलं.

"थांबणाऱ्या खेळावर दुकान चालत न्हाय, अण्णा," तो समजुतीनंच म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण अण्णा हिंदीत सुरू झाले. भांडण ऐकायला अर्धं स्टँड गोळा झालं. शेवटी टेम्पो बोलावला, मशीन चढवलं, आणि आम्ही दोघं मागे मशीनला धरून बसलो. रस्ताभर ते एकच बोलत होते. "ती उद्या येईल गं. तिला काय सांगणार तो?" मलाही रडू फुटलं. त्या बाईचं नाव विचारायचंसुद्धा आम्हाला सुचलं नव्हतं.

पोरांची विमानं बनवायची त्यांना आता इच्छाच राहिली नाही. मच्छ्याचं शेड त्यांनी सोडलं. टेबल, बोर्ड, सगळं शहापूरच्या घरी पुढच्या सोप्यात आणलं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवर बहीणभावाचं भागायला लागलं. मीही रोज तिथंच कामाला जायचे. मशीन भिंतीकडेला. वीज गेली तर डाव पुसून जाऊ नये म्हणून लॉरीची जुनी बॅटरी आणून जोडली. पडदा विझायचा, पण बोर्डाच्या ध्यानात डाव राहायचा.

आक्का आधी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. "ह्या वयात खेळत बसू व्हय? लोक श्याण घालतील तोंडात." आणि दुसरं म्हणजे, "आमचं गजगं करंट गेल्यावर काढायचं, तुझं करंट असल्यावर चालतंय. हे कसं जमायचं रं?" अण्णा फक्त रोज सकाळी मशीनवरची धूळ पुसून पाट मांडून ठेवायचे.

एका दुपारी मी एका रेडिओचा दिवा जोडत होते, आणि मागे टिक् असा आवाज आला. वळून बघते तर आक्का पाटावर. पडद्यावर तो सावळा हात, पाच ठिपक्यांचा, गजगा उडवतोय. अण्णांनी मला डोळ्यांनीच दटावलं, बघू नको. आम्ही दोघं खाली माना घालून कामाचं नाटक करत बसलो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. हिरवं बटण. आक्का उठल्या.

असा तो डाव चालला. सात दिवस! डाळ शिजायला टाकून दोन फेऱ्या, दूध यायच्या आधी एक फेरी. अण्णा वहीत रोज लिहायचे. छत्तीस. एकेचाळीस. त्रेपन्न. मला म्हणायचे, "बटणाचं काम बघितलंस? कितीबी येळा उठू दे, डाव मोडत न्हाय." मान ताठ, जणू जग जिंकलं. एकदा रात्री वीज गेली तर हे उशाला कंदील घेऊन बॅटरीशेजारी झोपले, असं आक्काच हसत हसत सांगत होत्या.

आठव्या दिवशी दुपारी धारवाडचे एक गृहस्थ आले. आपल्या पार्लरसाठी विमानाची दोन मशीनं बनवून द्या म्हणून मागे लागले होते. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि नेहमीसारखी हाक मारली, "आक्का, च्या!"

आक्का मशीनपुढे होत्या. अठ्ठ्याऐंशी झाले होते. मला दिसत होतं, सगळे गजगे एका मुठीत घ्यायची फेरी, सगळ्यात अवघड. हिरवं बटण त्यांच्या हातापासून वीतभर लांब.

त्यांनी त्याला हात लावला नाही.

"थांब," म्हणाल्या.

अण्णांना वाटलं, ऐकू आलं नसेल. "आक्का, पावणं आल्यात."

"थांब म्हटलं न्हवं रं." नजर पडद्यावरून हलली नाही.

मी हातातली तार तशीच धरून बसले. धारवाडचे गृहस्थ छताकडे बघायला लागले. अण्णांनी सवयीनं वही उघडली, लिहायला पेन टेकवलं, आणि पेन थांबलं. मी शेजारीच होते, मला पान दिसत होतं. त्यांच्याच अक्षरात, आक्का उठल्याचं एकेक कारण. शिट्टी. मी. दूध. मी. शेजारीण. मी, चहा. मी, किल्ली सापडेना. मी, चहा. मी. मी.

स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, रोज. वाचलं मात्र त्या दिवशी.

त्यांनी वही मिटली. उठले आणि आत गेले. मग स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. डबे पडत होते. त्या घरात जन्म गेला त्यांचा, पण साखर कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नाही. मी उठायला लागले तर आक्कांनी पडद्यावरची नजर न काढता माझा हात धरून खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे. सापडंल त्याला."

ब्याण्णव. शहाण्णव. एकदा चुकलं, फेरी परत. शेवटी सगळे गजगे वर गेले, ठिपक्यांचा हात उलटा झाला आणि पाचही त्याच्या पाठीवर बसले. शंभर. मशीननं अण्णांनी भरलेली तीन सुरांची धून वाजवली. डाव पुरा होऊन वाजलेली ती आम्ही कुणीच तोवर ऐकली नव्हती.

"झाला गं डाव," आक्का म्हणाल्या. मग हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या. काही करायचं नाही, कुठं उठायचं नाही, असं बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला.

अण्णा दारात उभे होते, ताटात चार कप, निम्मा चहा ताटात सांडलेला. धून त्यांनीही ऐकली होती. तोंड असं झालं होतं की हसतायत की रडतायत, सांगता येईना. त्यांनी पहिला कप आक्कांपुढे धरला. पाहुण्यांच्या आधी.

आक्कांनी बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. आम्ही सगळे बघत होतो.

"आलं कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "उद्या जरा ठेचून घाल."